वर चढणारा हं

खुर्च्या-सोफे भरणाऱ्या माणसाचं तोंड दिवसभर भरलेलं असतं, पण ते घासानं नाही. बारीक खिळ्यांची, म्हणजे चुकांची, चिमूट तोंडात टाकायची, जिभेनं एकेक चूक ओठांशी आणायची, हातोडीच्या चुंबकी टोकाला चिकटवायची आणि रेक्झिनच्या कडेवर ठक्‌. पुन्हा जीभ, पुन्हा ठक्‌. वर्षानुवर्षं हे केलं की बोलायची सवयच मोडते. ह्या कारागिराचं तसंच झालं होतं. लोक त्याला मुका म्हणायचे. तो मुका नव्हता. तोंडात खिळे असताना जेवढं बोलता येतं तेवढंच बोलायचा, आणि खिळे नसले तरी तेवढंच. "तोंडात चुका असल्या की माणूस बोलून चुकत नाही," असं एकदा तो म्हणाला होता. एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून आलं, म्हणून शेजारचा घड्याळवाला ते कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता.

दुकान म्हणजे अरुंद गल्लीतलं एक शटर. आत छताला खुर्च्या उलट्या टांगलेल्या, पाय वर केलेल्या. कोपऱ्यात फोमच्या तुकड्यांचा ढीग आणि त्यावर एक मांजर, जे कुणाचंच नव्हतं पण जाड मात्र झालं होतं. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास त्याच्या कपड्यांत इतका मुरला होता की बायको म्हणायची, "तुम्ही आलात हे दाराआधी माझ्या नाकाला कळतं."

बोलायला त्याच्याकडे एकच शब्द, हं. त्या एका हंमध्ये त्यानं सगळा संसार बसवला होता. खाली उतरणारा हं म्हणजे होय. वर चढणारा हं म्हणजे, काय म्हणालात? लांबवलेला हं म्हणजे बघू. नाकातून निघालेला आखूड हं म्हणजे आता जा, मला काम करू दे. बायकोला हे सगळे हं भिंतीपलीकडून, नळ चालू असतानाही ओळखू यायचे. गिऱ्हाइकांना यायचे नाहीत. एक वकीलबाई आल्या आणि "शनिवारपर्यंत होतील ना खुर्च्या?" म्हणाल्या. मुका सोफ्याखाली डोकं घालून बसला होता. त्याला धड ऐकू आलं नाही, म्हणून तो म्हणाला, "हं?" बाईंनी शनिवारी पाहुणे बोलावले. पाहुण्यांना जमिनीवर बसावं लागलं, आणि त्यातल्या एका जाड्या न्यायाधीशांना उठवायला दोघं लागले, अशी गल्लीत वदंता होती.

त्याचं लग्नसुद्धा हंवरच झालं. शाळेतला त्याचा जिवलग मित्र म्हणजे मास्तर. तेव्हा तो मास्तर नव्हता, पुढे शाळेत कवायत शिकवायला लागला आणि मास्तर झाला. मास्तरची धाकटी बहीण घरची मोडकी आरामखुर्ची घेऊन दुकानात आली, ती खुर्ची दुरुस्त होईपर्यंत येतच राहिली, आणि दुरुस्त झाल्यावरही आली. शेवटी तिनंच विचारलं. ह्याच्या तोंडात चुका. हा म्हणाला, "हं." तो हं खाली उतरला होता की वर चढला होता, ह्यावर नवराबायकोचं अजून एकमत नाही.

तर असा मास्तर त्याचा मित्र होता तो मेव्हणा झाला. लग्नाच्या दिवशी त्यानं एकदा "अहो भावजी" म्हणून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अरे-तुरे. फक्त टोमणा मारायचा असला की 'भावजी' बाहेर पडायचं.

डोंगरी सायकलचं वेड मास्तरनंच आणलं. जाड टायरांच्या, खडकावरून उड्या मारत जाणाऱ्या त्या सायकली. मास्तर, मुका, एक बेकरीवाला आणि एक ड्रायव्हर, जो एरवी शाळेची बस चालवायचा, असे चौघं. वर्षातून एकदा ड्रायव्हरच्या बंद टेम्पोत सायकली भरायच्या आणि आठवडाभर वाळवंटात जायचं. रोज एक जण टेम्पो चालवी, बाकीचे तिघं टेकड्यांमधल्या वाटेनं सायकलवर निघत आणि टेम्पो पलीकडच्या बाजूला रस्त्यानं फिरून त्यांची वाट बघत थांबे. त्या वर्षी ड्रायव्हरचा गुडघा दुखावला होता, म्हणून टेम्पो रोज तोच चालवत होता.

मास्तर सगळ्यांत पुढे. मुका सगळ्यांत मागे. मुक्याला जोर कमी होता असं नाही, पण पुढच्यांची पडलेली बाटली, घसरलेला हातमोजा, निसटलेला पंप हे सगळं उचलत यायची त्याला खोड होती. "आलं का आमचं शेपूट?" मास्तर विचारायचा. शेपूट आलं की सगळे आले. मग टेम्पो हलवायचा. हा त्यांचा नियम इतका जुना होता की तो नियम आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या दिवशी वाट खडकाळ होती आणि वारा सुटला होता. अर्ध्या चढावर मुक्याला मास्तरची सायकल वाटेच्या कडेला आडवी पडलेली दिसली. मास्तर एका मोठ्या धोंड्याआड उभा होता.

"हं?" मुक्यानं विचारलं.

"काय हं? माणसानं मुतू पण नये का?" धोंड्याआडून मास्तर बोलला. "हो पुढं, भावजी. आज घे हौस भागवून. आलोच मी."

मुका पुढे झाला. चढ संपला आणि समोर लांबच लांब उतार पसरला. बेकरीवाला केव्हाच खाली उतरून गेला होता. समोर कुणाची पाठ नाही, कुणाच्या चाकाची धूळ नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तर त्याच्या मागे होता. मुक्यानं ब्रेकवरची बोटं काढली. पोटात गुदगुल्या झाल्या, शर्ट पाठीवर फुगला, आणि चाळिशी ओलांडलेला तो बाप्या एकटाच मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो खाली टेम्पोशी पोचेपर्यंत एकदाही त्यानं मागे वळून बघितलं नाही.

टेम्पो उताराखाली उभा होता. तोवर वाळू उडायला लागली होती. बेकरीवाला आधीच येऊन, तोंडावर टॉवेल टाकून पुढच्या केबिनमध्ये लवंडला होता. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून रेडिएटरवर चडफडत होता. मुका सायकल घेऊन मागच्या बाजूनं आत चढला. पुढचं चाक डगमगत होतं, ते त्यानं लगेच खोलायला घेतलं आणि सवयीनं नट-वॉशर तोंडात टाकले. मग दारात येऊन, डोळ्यांवर हात धरून त्यानं टेकडीकडे बघितलं. टेकडी नव्हतीच. नुसता पिवळा पडदा. वाळू आत यायला लागली तसं त्यानं दार ओढून घेतलं.

टेम्पोच्या मागच्या भागात आणि केबिनमध्ये एक हातभर सरकती खिडकी होती. ती करकरत उघडली आणि ड्रायव्हरचा आवाज आला. "सगळे आले ना?"

इंजिन घरघरत होतं. मुक्याला नीट ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "हं?"

खिडकी बंद झाली. टेम्पो निघाला.

आता इथं नीट समजून घ्यायला हवं, कारण नंतर चौघांनीही हे एकमेकांना पुनःपुन्हा समजावून सांगितलं आणि तरी कुणाचं समाधान झालं नाही. मास्तर रोज मागच्या भागात गादी पसरून झोपायचा. म्हणून पुढच्या दोघांना वाटलं, मास्तर मागे झोपलाय. मुक्यानं अंधारात बघितलं तर गादी गुंडाळलेलीच. त्याला वाटलं, मास्तर आला असणार आणि वाळूमुळं पुढे केबिनमध्ये घुसला असणार. नाहीतर टेम्पो सुटला कसा? मास्तरची सायकल मागच्या भागात नव्हती, पण ती कधीच नसायची. मास्तर ती स्वतःच्या हातानं टपावर बांधायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. भिंतीच्या ह्या बाजूला मास्तर नव्हता म्हणून तो त्या बाजूला होता, आणि त्या बाजूला नव्हता म्हणून ह्या. मुका चाक खोलत बसला. मघाचा उतार अजून अंगात होता. मास्तरला आज चहा घेताना काय ऐकवायचं, ह्याचं एक आख्खं वाक्य तो मनाशी जुळवत होता.

बऱ्याच वेळानं टेम्पो डांबरी रस्त्यावरच्या एका पेट्रोलपंपावर थांबला. बेकरीवाल्यानं मागचं दार उघडलं. त्याच्या हातात चहाचे दोन कागदी पेले होते.

"मास्तर, ऊठ रे. घे, गरम आहे."

मुक्यानं तोंडातले नट तळहातावर काढले. "तो पुढे आहे ना?"

"पुढे कुठला? तुझ्याजवळ गादीवर..." बेकरीवाल्यानं आत डोकावून बघितलं. गुंडाळलेली गादी बघितली. मुक्याकडे बघितलं.

"चेष्टा पुरे," तो म्हणाला. "मास्तर, बाहेर ये."

कुणी बाहेर आलं नाही. ड्रायव्हर दुखरा गुडघा ओढत शिडीवरून टपावर चढला. वर गेला तो खाली यायचं नावच घेईना.

"काय आहे वर?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"दोरी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "नुसती दोरी."

मुका टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला की पडला ते त्याला कळलं नाही. पंपावर एक बाई मोटारीची काच पुसत होती. तिच्या फडक्याचा कुईकुई आवाज तेवढा त्याला स्पष्ट ऐकू येत होता. मास्तरजवळ पाण्याची एकच बाटली होती, आणि ती चढावरच अर्धी झाली असणार. मोठे कॅन इथं त्याच्या पायाशी होते, भरलेले.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "सगळे आले ना, म्हणून विचारलं. तू हं म्हणालास."

"मी विचारलं, काय म्हणालास."

"कधी विचारलंस?"

"तेव्हाच. हं म्हणालो ना."

बेकरीवाल्यानं दोन्ही पेले जमिनीवर ठेवले, अगदी हळू, जणू ते सांडले असते तर आणखी काहीतरी वाईट झालं असतं. मग तिघंही केबिनमध्ये चढले. फोन लावून बघायचं भान बेकरीवाल्याला राहिलं. मास्तरचा फोन टेकड्यांच्या पट्ट्यात लागणार नाही हे माहीत असूनही तो लावतच राहिला.

परत जाताना मुका खिडकीबाहेर अर्धा वाकून बसला होता. वाळू खाली बसली होती, पण तिनं वाट पुसून टाकली होती. सकाळची चाकं, टेम्पोच्या खुणा, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. उतार आला. टेम्पो जिथं उभा होता ती जागा आली. तिथं कुणी नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. मुक्यानं हाक मारली. शाळेत होता तेव्हा मास्तरला ज्या नावानं हाक मारायचा, त्याच नावानं. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. हाका मारून मारून त्याचा घसा फाटला. बेकरीवाला त्याच्याकडे बघत राहिला. एवढा आवाज ह्या माणसात होता, हे इतक्या वर्षांत त्याला ठाऊकच नव्हतं.

वाट जिथं कोरडा ओढा ओलांडते तिथं एक सायकल दिसली. उलटी, चाकं वर करून ठेवलेली, दिसावी म्हणून. मागचा गिअर मोडून तारांमध्ये गुंतला होता. पुढचं चाक वाऱ्यानं फिरत होतं. वाटेखालून ओढ्याचं पाणी जायला सिमेंटचा एक नळा टाकलेला होता. मुका त्यात ओणवा होऊन शिरला.

मास्तर आत पाठीवर पडला होता. डोळे उघडे. मुक्याच्या मनात जे आलं ते आलं, आणि तेवढ्यात त्या डोळ्यांची उघडझाप झाली.

मुक्यानं रुमाल भिजवला आणि त्याच्या ओठांवर धरला. ओठ जुन्या रेक्झिनसारखे तडकले होते. मास्तर रुमाल चोखत राहिला. मग बोलला.

"पाहिलंस ना मला?"

"नाही रे."

"पाहिलंस. मी वर होतो, टेकडीवर. वाळू खालीच होती, तू दिसत होतास मला. सायकल खांद्यावर. हात केला तर तूही हात केलास."

"डोळ्यांवर धरला होता. वाळू..."

"मग दार लावून घेतलंस."

"वाळू येत होती."

मास्तर खोकला. हसतोय की खोकतोय ते कळेना. "मला वाटलं, घेतला शेपटानं वचपा. वाटलं, पोरानं बरोबर काटा काढला. वर बसून हसलो मी. आता गंमत करून परत येतील म्हणून होतं तेवढं पाणी पिऊन टाकलं. तुझ्या नावानं प्यायलो, च्यायला." त्यानं पुन्हा रुमाल तोंडात घेतला. "मग तुम्ही आलाच नाहीत. मग वाटलं, गंमत नाही ही."

"गंमत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच सोडलंस."

मुका नळ्यात तसाच ओणवा राहिला. डोकं वर सिमेंटला लागत होतं. माणूस मेला असेल ह्या भीतीनं तो आत शिरला होता आणि त्या भीतीला कसं तोंड द्यायचं ते त्याला सुचत तरी होतं. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. इतक्या वर्षांच्या चिडवण्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, निदान तो तसं समजून होता. आणि चिडवणारा मात्र इतकी वर्षं पुढे सायकल हाणताना मनात धरून होता, की मागून येणारा हा एक दिवस उट्टं काढणार.

"असं वाटलंच कसं तुला?" तो म्हणाला.

"पडून होतो इथं. वाटायला वेळ भरपूर होता."

मुक्याला नाही म्हणायचं होतं. पण मघाचा उतार त्याला आठवला, फुगलेला शर्ट, ती आरोळी, आणि मागे न वळलेली मान. त्यानं मास्तरच्या काखेत हात घातले आणि त्याला नळ्यातून बाहेर ओढायला सुरुवात केली.

डांबरी रस्त्यालगतच्या गावात एक छोटा दवाखाना होता. दोन खाटा, एक पंखा, हिरव्या कपड्यातली एक नर्स. तिनं मास्तरच्या हाताला सुई लावली, सलाइनची बाटली टांगली आणि तिघांकडे असं बघितलं की ड्रायव्हर आणि बेकरीवाला आपणहून बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

"ह्यांचे कोण तुम्ही?" तिनं मुक्याला विचारलं.

"बहिणीचा नवरा," मास्तरनं खाटेवरून उत्तर दिलं. "राहू दे त्याला."

बाहेर ऊन उतरत होतं. मुक्याच्या खिशात फोन वाजला. इथं तो लागत होता. बायकोचा होता. फोन हातात घेऊन मुका नुसता बघत राहिला.

"इकडे दे," मास्तर म्हणाला. मोकळ्या हातानं त्यानं फोन कानाला लावला आणि आवाज कुठून आणला देव जाणे, जवळजवळ नेहमीचा खणखणीत आवाज काढला. "बोल गं. हो, मजेत. नाही, ऊन कसलं, ढगच आहेत. घसा? थंड पाणी प्यालो म्हणून बसलाय. माझं चाक मोडलं जरा, म्हणून लवकर थांबलो आज. तुझा नवरा ना? हा काय, समोर उभा आहे खांबासारखा. बोलतो कुठं तो कधी?"

तो फोन बंद करणार तेवढ्यात मुक्यानं हात पुढे केला. मास्तरनं भुवया वर केल्या, पण दिला.

"अगं," मुका म्हणाला. त्याचा आवाज हाका मारून फाटलेलाच होता. "तो खोटं बोलतोय. आम्ही त्याला वाळवंटात सोडून आलो होतो. मी सोडून आलो. ड्रायव्हरनं विचारलं सगळे आले का, तर मला कळलं नाही, आणि मी दार लावून घेतलं. दिवसभर तो एका नळ्यात पडून होता. पाणी नव्हतं. आता दवाखान्यात आहे, सलाइन चालू आहे. वाचला. आणि त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं."

पलीकडे घरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला, नळ बंद केल्याचा झाला. मास्तर खाटेवरून मुक्याकडे बघत होता, तोंड उघडं.

"गाढवा," तो पुटपुटला. "मी झाकलं होतं ना सगळं."

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्याच्याकडे द्या."

मुक्यानं फोन मास्तरच्या कानाशी धरला. ती काय बोलत होती ते त्याला ऐकू येत नव्हतं. शिव्या देत नव्हती, एवढं कळत होतं. शिव्या असत्या तर मास्तर हसला असता. तो आधी "हो" म्हणाला. मग "नाही गं, नाही" म्हणाला. मग सगळ्या शाळेला एका शिट्टीत उभं करणारा तो माणूस, बहिणीचा आवाज कानाशी धरून, खांदे गदगदा हलवत रडायला लागला. नळ्यात तो रडला नव्हता.

सुईचा हात खाटेवर उडायला लागला. नर्स धावत आली.

"हात हलवू देऊ नका त्यांना," ती मुक्याला म्हणाली. "सुई निघेल. घट्ट धरा."

मुक्यानं फोन मास्तरच्या कानाशी उशीत खोचला, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांनी खाटेवर दाबून धरला. मास्तरनं तो ओढून घेतला नाही.